उतारा एक्क्याऐंशी टक्के

रविवारी दुपारी चारच्या सुमारास बाबांनी तिला विचारलं, "बयो, पहिल्या घाण्याला तू कोळसा वापरला होतास ना?" आणि ती हो म्हणाली. ती तेव्हा ओट्याशी उभी राहून कप पुसत होती, बाबा मागे टेबलाशी चौकटींच्या वहीत मान घालून बसले होते. उत्तर द्यायला तिला जराही वेळ लागला नाही. एकोणीस वर्षं तोंडाशी तयार असलेलं उत्तर असंच येतं, चहा घेणार का विचारल्यावर 'नको, आत्ताच झाला' म्हणावं तसं. "दोनदा?" बाबांनी विचारलं. "दोनदा. वहीत आहे की," ती म्हणाली. "वहीत आहे गं. ती वही मला पाठ आहे. तरी विचारलं." आतल्या खोलीतून आई म्हणाली, "त्या पोरीला जरा बसू द्या. आल्यापासून परीक्षा घेताय." "परीक्षा नाही, साक्ष घेतोय," बाबा म्हणाले आणि स्वतःच हसले. मग त्यांनी पट्टी घेतली, यादीतल्या सत्ताविसाव्या ओळीवर ठेवली, आणि डावीकडून उजवीकडे एक सरळ रेघ मारली. रेघ मारताना पेन कागदावर जरा करकरलं. "हा बरा वाटत होता," ते म्हणाले. "हा असता तर सगळं जुळत होतं. चला, गेला."

नंतर पुन्हा चहा झाला, तेव्हा त्यांनी सगळ्यांचे कप विसळले, प्रत्येक तीनदा, थोड्या थोड्या पाण्यानं, कारण एकदा भरपूर पाणी ओतण्यापेक्षा तीनदा थोडं ओतलं की भांडं जास्त स्वच्छ होतं हे त्यांनी तिला चौथीत असताना आकडेमोड करून दाखवलं होतं. रसायनशास्त्रज्ञ आणि धुणंवाली यांच्यात फरक एवढाच, की धुणंवालीला संध्याकाळी घरी जाता येतं, हा विनोद त्यांनी त्या दिवशीही केला. ती त्या दिवशीही हसली. साडेपाचला ती निघाली. बाबा दारापर्यंत आले आणि म्हणाले, "पुढच्या वेळी येताना तो जाड भिंगाचा चष्मा दुरुस्त झाला का बघून ये." सोमवारी सकाळी बाबा बुटाची नाडी बांधायला वाकले ते सरळ झालेच नाहीत. आईला वाटलं, काहीतरी शोधतायत.

बाप गेल्याचं दुःख कसं असतं ते तिनं पुष्कळ वाचलं होतं. नोकरी पाठ्यपुस्तकं तपासण्याची, वाचनाचं वेड त्याहून जुनं, त्यामुळे दुःखाच्या बऱ्याच तऱ्हा तिला तोंडओळखीच्या होत्या. ती वाट बघत राहिली. लोक आले, बसले, गेले. बाबांच्या जुन्या विभागातून फुलं आली. आई अधूनमधून रडत होती आणि रडून झालं की जेवण गरम करत होती. तिला मात्र रडू येऊ लागलं की मधेच ती पट्टी दिसायची. लाकडी, कडेला शाईचे डाग पडलेली. आणि रडू जिथल्या तिथे वाळून जायचं, त्या जागी कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. शरमेला दुःखाचं सोंगही घेता येत नव्हतं. कुणी पाठीवर हात ठेवला की तिला वाटायचं, दुसऱ्याच्या नावानं आलेलं पार्सल आपण सही करून घेतोय.

ती बावीस वर्षांची होती तेव्हा बाबा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा डाव खेळत होते. एका रेणूची तार करायची, साधी तार नव्हे, अशी की विजेला एकाच बाजूनं जाता येईल. दोन नॅनोमीटरची झडप. रेणूच्या एका टोकाला इलेक्ट्रॉन देणारा गट, दुसऱ्या टोकाला घेणारा, मधे कड्यांची ताठ कांडी, आणि शेवटाला गंधकाचा अणू, जो सोन्याच्या पत्र्याला घट्ट धरून ठेवतो. प्रयोगशाळेत त्याला लांबलचक शास्त्रीय नावानं कुणी हाक मारत नसे. 'एकेरी' म्हणत. एकेरी आज किती झाली, एकेरी वाळली का, एकेरीनं पुन्हा दगा दिला. सुट्टीत बाबांनी तिला तिथे कामाला घेतलं. विद्यार्थी कुजबुजले असतील, पण तोंडावर कुणी काही बोललं नाही, कारण तिचा हात खरोखरच चांगला होता. निदान तसं सगळे म्हणत.

एकेरीची शेवटची जोडणी पॅलेडियम नावाच्या धातूच्या मदतीनं होई. बाबा नव्या विद्यार्थ्यांना सांगत, "हा धातू म्हणजे लग्न जुळवणारा मध्यस्थ. दोघांची गाठ घालून देतो, स्वतः त्यात पडत नाही. पण लग्न लागलं की त्याला वाटेला लावायचं, नाहीतर तो घरातच मुक्काम ठोकतो आणि पुढे जे काय होईल त्याचं श्रेय घेतो." वाटेला लावायचं म्हणजे गरम द्रावणात बारीक कोळसा घालायचा, ढवळायचं, गाळायचं; पुन्हा कोळसा, पुन्हा गाळायचं. कोळसा धातू पितो. पण तो मालही पितो. जवळजवळ पाचवा हिस्सा काळ्या चिखलात जातो आणि परत मिळत नाही. कितपत माल हाती लागला त्याला बाबा उतारा म्हणत, शेतातल्या पिकाचा असतो तसा. अशा जोडण्यांत त्यांचा स्वतःचा उतारा अडुसष्टच्या वर कधी गेला नव्हता.

त्या दिवशी उन्हाळ्याची दुपार होती. खिडकीच्या काचेला पंख्याची सावली घासत होती. तिच्यासमोर फ्लास्कमधे एकेरीच्या पहिल्या घाण्याचं पिवळं द्रावण होतं, आणि घड्याळात दोन वाजले होते. साडेतीनला मैत्रिणींबरोबर तळ्याकाठी जायचं होतं. पुढे अनेक वर्षं ती स्वतःला सांगत राहिली की कारण तळं होतं. तळं हे माफ करण्याजोगं कारण होतं; बावीस वर्षांच्या पोरीला तळ्यावर जावंसं वाटणारच. पण तळ्यावर ती गेलीच नाही. मैत्रिणींना निरोप पाठवला आणि थांबली, कारण द्रावण आटवून झाल्यावर जे पिवळे स्फटिक पडले ते तिला वजन करून बघायचे होते. वजन भरलं. हिशेब केला. एक्क्याऐंशी टक्के. आणि कोळशाची बाटली शेजारच्या फळीवर तशीच होती, झाकण लावलेली. अजूनही वेळ होता. सगळं पुन्हा विरघळवून कोळशातून काढलं असतं तर एक्क्याऐंशीचे पासष्ट झाले असते. स्फटिक छान होते. बारकाईनं पाहिलं तर पिवळ्यात किंचित करडी झाक होती, पांढऱ्या कपड्यावर दुसऱ्या धुण्याचा रंग चढावा इतकी. तिनं बारकाईनं पाहिलं होतं. मग वही उघडली आणि लिहिलं: कोळशातून दोनदा गाळले. अक्षर वळणदार आलं होतं.

बाबा संध्याकाळी आले. त्यांनी नमुन्याचा वर्णपट पाहिला; तो साफ होता, कारण त्या वर्णपटात धातू दिसतच नाही. मग आकडा पाहिला. चष्मा कपाळावर चढवून पुन्हा पाहिला. "एक्क्याऐंशी?" ते म्हणाले, आणि बाहेरच्या खोलीतल्या विद्यार्थ्यांना हाका मारून आत बोलावलं. "या, बघा, कोळशातून दोनदा काढून एक्क्याऐंशी. याला हात म्हणतात. तुम्ही लोक निम्मा माल गाळणकागदाला खाऊ घालता." तिनं मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, लाजली.

बाबांचे मित्र पदार्थविज्ञानाचे होते, पलीकडच्या इमारतीत बसत. ती त्यांना मोजणीकाका म्हणे, कारण लहानपणी ते जिन्याच्या पायऱ्यांपासून तिच्या दातांपर्यंत सगळं मोजत. "तुझा बाप भांडी घासतो, मी तारा जोडतो, आणि बाहेर आम्हांला विद्वान म्हणतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांनी तिचा नमुना सोन्याच्या पातळ पत्र्यावर बसवला, वरून सोन्याचं टोक हलकेच टेकवलं, आणि वीज सोडली. एका बाजूनं ती गेली. दुसऱ्या बाजूनं जवळजवळ नाहीच. पुन्हा केलं, पुन्हा तेच. काका जिन्यावरून धावत आले. पंचेचाळिशीचा जाडजूड माणूस, धाप लागलेली, हातात नुसता आलेखाचा कागद. दोघं मित्र तो कागद टेबलावर पसरून त्यावर वाकून उभे राहिले. त्या दोघांच्या पाठी तिला अजून दिसतात. एकीवर घामाचा डाग, दुसरीवर खडूचा. माणसांच्या पाठीही आनंदी असू शकतात हे तिला तेव्हा कळलं.

शोधनिबंध मोठ्या नियतकालिकात छापून आला. तिचं नाव तिसरं. नमुना इतका कमी लागे की तो एक घाणा वर्षभर पुरला. आमंत्रणं आली, बाबांनी नवा कोट शिवला, आईनं घरात नवे पडदे लावले. मग घाणा संपला. दुसरा एका विद्यार्थ्यानं केला, वहीत लिहिलं होतं तसा, कोळशातून दोनदा गाळून. उतारा त्रेसष्ट. पत्र्यावर बसवला. वीज दोन्ही बाजूंनी सारखीच गेली, कुठल्याही साध्या तारेतून जावी तशी. तिला त्याच क्षणी कळलं. गणित सुटावं तसं नाही, जिन्यात एक पायरी कमी निघावी तसं. बाबांनी बैठक घेतली. प्रत्येकानं आपली कृती शब्दशः सांगायची. तिची पाळी आली तेव्हा तिनं वही उघडून वाचून दाखवलं. वाचताना तिचा आवाज इतका नेहमीसारखा होता की ती स्वतःच जराशी घाबरली. दुसऱ्या देशातल्या दोन प्रयोगशाळांनीही एकेरी बनवून पाहिली, शुद्ध, आणि त्यांच्याकडेही काही झालं नाही. दोन वर्षांनी बाबांनी निबंध मागे घेतला. चार वाक्यांचं निवेदन होतं: आम्हांला निष्कर्ष पुन्हा मिळवता आला नाही, कारण आम्हांला सांगता येत नाही, आणि असंच काही. सगळ्या लेखकांच्या सह्या हव्या होत्या. तिनंही केली.

त्यानंतर तिनं रसायनशास्त्र सोडलं. बाबा लोकांना सांगत, "तिला पुस्तकांचं वेड. आईवर गेलीय." गेली सोळा-सतरा वर्षं ती इतरांच्या चुकांखाली लाल रेघ मारून पगार घेत होती. बाबांना पुढे विद्यार्थी कमी मिळाले, मोठं काम कुणी दिलं नाही, कोट कपाटात राहिला. ते कडवट झाले असते तर तिला सोपं गेलं असतं. ते कडवट झाले नाहीत. त्यांनी संशयितांची यादी केली. आर्द्रता, काच, द्रावक, पत्र्याचा खडबडीतपणा, टोकाचा दाब. एकतीस नोंदी. एकेक तपासून खोडत राहिले, निवृत्तीनंतरही, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. आणि अधूनमधून म्हणत, "तुझ्यासारखा उतारा मला कधी आलाच नाही गं. म्हणजे काहीतरी माझ्या हातात कमी आहे. तुझ्या हाताला गुण होता." ते हे वर्षातून एकदा तरी म्हणत. ती दर वेळी म्हणे, "काहीतरीच काय, बाबा." ते तर खरंच होतं.

रात्री कुशीवर वळताना नाही, बँकेच्या रांगेत, बसमधे, भर उजेडात तिच्या मनात एक विचार येऊ लागला होता: बाबांना माहीत होतं. त्यांनी रविवारी मुद्दाम विचारलं, तिला एक शेवटची संधी दिली. हा विचार फार मऊ होता. त्यात बाबा शहाणे ठरत, क्षमाशील ठरत, आणि तिचं खोटं दोघांनी मिळून सांभाळलेल्या गुपितासारखं होई. तिनं तो नीट तपासला, तपासणं हा तिचा धंदाच. आणि दर वेळी पट्टी आडवी आली. माहीत असलेला माणूस पट्टी घेत नाही. माहीत असलेला माणूस 'हा असता तर सगळं जुळत होतं' असं म्हणून रेघ मारत नाही. बाबांचा तिच्यावर विश्वास होता, बस्स. एकोणीस वर्षं चाचपडून म्हातारा बरोबर दाराशी येऊन उभा राहिला होता, आत कुणी आहे का म्हणून विचारलं होतं, आणि आतून तिनं सांगितलं होतं, कुणी नाही.

बाबांना जाऊन सतरा दिवस झाले तेव्हा मोजणीकाका घरी आले. निबंध मागे घेतल्यापासून ते या घराची पायरी चढले नव्हते. भांडण असं झालंच नव्हतं. नुसतं दोघं एकमेकांशी फार सभ्यपणे बोलू लागले, आणि मग बोलेनासे झाले. आईनं मात्र पक्का निकाल दिला होता: त्याच्या यंत्रानं घात केला. काका आता पासष्टीचे, बारीक झालेले, शर्टाची कॉलर मानेभोवती सैल. बाबांची खुर्ची मोकळी होती. त्या खुर्चीकडे पाहून ते स्टुलावर बसले. आईनं पाणी दिलं, चहाचं विचारलं नाही.

"वहिनी, मी आधीच यायला हवं होतं," काका म्हणाले.

"आता आलात ना," आई म्हणाली. "आता यायला सोपं आहे, भाऊजी. दार उघडणारा माणूस बदललाय."

काका काहीसे हसले. "हे तुम्ही बोलणारच. मी जिन्यात म्हटलं, एक तरी बसेल."

"एकच बसलीय अजून."

"बसू द्या." त्यांनी पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरला होता, प्यायले नव्हते. मग ते तिच्याकडे वळले. "तू केवढी होतीस तेव्हा. आणि आता बघ, केस पांढरे." पुन्हा आईकडे. "वहिनी, मी बसायला आलेलो नाही. एक सांगायला आलोय. त्याला सांगायचं होतं, ते राहिलं. तो मला कधी एका शब्दानं बोलला नाही. परिषदांत लोक विचारायचे, चूक रसायनाची की मोजणीची, तर म्हणायचा, आम्ही दोघं होतो. पण चूक माझी होती. माझ्याच सोन्याची. टोक टेकवताना सोन्याचा एखादा धागा थरातून खाली उतरला असणार, दुसरं काही असूच शकत नाही. त्याचा माल शुद्ध होता. मी वही पाहिलेली आहे." ते थांबले. "एकोणीस वर्षं मी ते टोक डोळ्यांपुढे आणून बघतोय. किती हलकं टेकवलं, किती नाही. बायको म्हणते, झोपेत तुझी दोन बोटं हलतात. त्याचं सगळं गेलं ते माझ्या या दोन बोटांनी. माफी मागायची कुणाकडे, म्हणून तुमच्याकडे आलो."

आईचा चेहरा बदलला होता. इतकी वर्षं ज्या निकालाला ती धरून होती तो आता आरोपीनं आपण होऊन मान्य केला होता, आणि तिला त्याचं समाधान वाटत होतं, आणि त्या समाधानाची लाजही वाटत होती. ती उठली. "चहा टाकते," ती म्हणाली.

आई आत गेल्यावर तिनं काकांच्या बोटांकडे पाहिलं. तर्जनी आणि अंगठा पेल्याच्या कडेला टेकले होते, पेला फुटेल की काय इतक्या हलकेच. तिला दिसलं की आता काहीही करावं लागणार नाही. आई चहा टाकेल, काका तो पितील, दोघांत समेट होईल, आणि चूक एकदाची एका माणसाच्या नावावर कायमची लागेल, ज्यानं ती केली नव्हती आणि जो ती आनंदानं घेऊन घरी जाईल. तिनं फक्त गप्प बसायचं होतं, बास. ती त्यात तरबेज होती. कानाच्या पाळ्या तापल्या. घशाशी ते नेहमीचं आवाज-नेहमीसारखा-ठेवण्याचं स्नायूंचं काम सुरू झालं, आणि पहिल्यांदाच तिला त्याची किळस आली, दुसऱ्याच्या तोंडातला घास दिसावा तशी.

"काका, पेला खाली ठेवा," ती म्हणाली.

त्यांनी ठेवला.

"सोन्याचं काही नव्हतं. तुमच्या बोटांचं काही नव्हतं. माल शुद्ध नव्हता. त्यात पॅलेडियम होतं. मी कोळसा वापरलाच नाही. एकदाही नाही. वहीत लिहिलं ते खोटं आहे."

स्वयंपाकघराच्या दारात आई पातेलं हातात घेऊन उभी राहिली. काका तिच्याकडे बघत होते, एखादा आकडा ऐकू आला पण पटला नाही तर बघतात तसे.

"दुसरा घाणा फसला तेव्हाच मला कळलं होतं," ती म्हणाली. "बैठकीत मी वाचून दाखवलं. सहीसुद्धा केली. बाबा जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला सरळ विचारलं, तेव्हाही मी सांगितलं नाही. त्यांच्या यादीत ते होतं. त्यांनी ते खोडलं, माझ्यामुळे."

"कशासाठी गं?" आईनं विचारलं. रागानं नाही. खरोखरच कळत नाही म्हणून. "कुणी जबरदस्ती केली का तुला? घाई होती का?"

"नाही. घाई नव्हती. वेळ होता," ती म्हणाली. "कोळशानं उतारा कमी झाला असता, आई. मला बाबांपेक्षा जास्त दाखवायचा होता."